अर्धा कातरलेला मेंढा

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार. मेहकर, तालुका भालकी

ही वही खताच्या दुकानातून फुकट भेटलेली. बिदरच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज किती दुखतंय ते दहापैकी आकड्यात लिहून आणा. मी म्हणलं, डॉक्टर, ही काय दहावीची परीक्षा हाय का? ते हसले न्हाईत. मी आकडा टाकणार न्हाई. दुखतंय ते दुखतंय. लिहायचंच असंल तर सगळंच लिहीन.

मी अंबाजी. वय चव्वेचाळीस. धनगराच्या पोटचा. पाच एकर रान आन् सत्तर मेंढरं. उजवा खुबा पार झिजलाय. फोटूत डॉक्टरनं दाखवलं, मांडीच्या हाडाचा गोळा आन् कमरंतली वाटी, दोघांमधली गादी संपली, आता हाडावर हाड घासायलंय. म्हातारपणी व्हतं ते मला आत्ताच झालं. इलाज काय, तर गोळा कापून टाकायचा, मांडीच्या हाडात सळई ठोकायची आन् नवा सांधा बसवायचा. तेच्यानंतर जलमभर मांडी घालायची न्हाई, उकिडवं तर सपनातबी बसायचं न्हाई. खुर्चीत बसा म्हणले.

खुर्चीत बसून मेंढरू कातरता येतं का, मी विचारलं. तर म्हणले, मेंढरं विका.

मी चपला घातल्या आन् बाहेर आलो. पद्मा, माझी बायको, मागं राहून हात जोडत व्हती. कामून हात जोडायचे? खुबा माझा हाय, तेंचा न्हाई.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज बिरोबाच्या माळावर पंच बसले. विषय मीच.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला देवाचा मेंढा कातरतात. अनवाणी, उकिडवं बसून, मेंढा गुडघ्याखाली दाबून. सुरुवात कुणीबी करावी, कातर कुणीबी धरावी, पर शेवटचं पुंजकं जो काढील तेच्या नावानं भंडारा उधळतात. मान तेचा. आमच्या घरात आजापासून हाय. माझ्या हातात एकोणीस वर्सं.

गेल्या पाडव्याला मी बसलो, कातरलंबी, पर उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उचललं. पोरं हसली. माझा चुलतभाऊ श्रीमंतनं हात पुढं केला व्हता, तो मी झटकला. हात देऊन उपकार करायलास व्हय, म्हणलं. तवापासून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं.

आज वीरण्णा पंच म्हणला, अंबाजी, औंदा बसता आलं न्हाई तर कातर श्रीमंतकडं द्यावी लागंल. देवाचं काम कुणासाठी थांबत न्हाई. मी श्रीमंतकडं बघितलं. तो खाली बघून काडीनं माती उकरायलाय. न्हाई म्हणला न्हाई, व्हय म्हणला न्हाई. गप बसणं म्हंजे व्हयच की. लहानपणी मेंढरामागं एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लेला माणूस, आन् आता माझ्या कातरीवर डोळा.

मी पंचाला तोंडावर सांगितलं, पाडव्याला मी बसणार. आन् उठणारबी. घरी यायला मात्र अर्धा तास लागला.

९ मार्च

भालकीच्या गुंडेराव गुरुजीचं पोस्टकार्ड आलं. मला दहावीपर्यंत तेंनीच शिकवलं, छड्याबी तेंनीच हाणल्या. लिहितात, "अंब्या, तुझ्या खुब्याचं कळलं. आमचा श्रीहर्ष विलायतेत शिकून आता हैदराबादेत हाडांची ऑपरेशनं करतो. गोळा न कापता करण्याची एक नवी तऱ्हा आहे म्हणतो. गाढवासारखा हट्ट न करता जाऊन ये."

गुरुजीला माझा खुबा कसा कळला कोण जाणे. दोन महिने झाले, मी भालकीच्या बाजाराला गेलो न्हाई. पद्मा गेली न्हाई, आमच्या पोरीची, रेणूची, तर परीक्षा हाय. आमच्या गल्लीतून दर आठवड्याला कोकरं घेऊन श्रीमंत तेवढा जातो, पर तेला काय पडलंय?

२० मार्च. हैदराबादहून आल्यावर

श्रीहर्ष डॉक्टर म्हंजे गुरुजीचंच नाक, पर आवाज मऊ. बिदरचा फोटू बघितला, आणखी चार काढले, पाय धरून इकडंतिकडं फिरवला. मी वरडलो न्हाई. दात धरले.

मग टेबलावर गोळा आन् वाटी ठेवून सांगायले. तुमच्या गोळ्याचं वरचं कवच गेलंय, पण आतलं हाड अजून भरीव आहे. तेव्हा गोळा कापायचा नाही. वरून थोडा तासायचा आणि धातूची टोपी बसवायची. वाटीत धातूचं अस्तर. मांडीचं हाड जागच्या जागी राहतं.

मी म्हणलं, म्हंजे बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात तसं. चाक तेच, वरून लोखंड.

डॉक्टर हसले. म्हणले, इतकं चांगलं मला विलायतेत कुणी सांगितलं नाही.

आणखी पुष्कळ सांगितलं. नेहमीच्या सांध्यात गोळा लहान असतो, जास्त वाकलं की वाटीतून निसटायची भीती. ह्याच्यात गोळा तुमच्या मूळच्या गोळ्याएवढाच मोठा, म्हणून निसटत न्हाई सहसा. कष्टाच्या माणसाला, तरण्या माणसाला बरं. आन् वीस वर्सानं टोपी झिजली तर खालचं हाड शिल्लक असतंय, तवा नेहमीचा सांधा बसवता येतो. पयल्यांदाच हाड कापलं तर पुढच्या वेळंला कापायला काय उरतंय? हे मला लगेच पटलं. हाड हे बियाण्यासारखं, एकदा खाल्लं की पेरायला न्हाई.

वाईटबी लपवलं न्हाई. धातूचा बारीक कण रक्तात उतरतो, दर वर्सी रक्त तपासायचं. मुतखडा, मूत्रपिंडाचं दुखणं असंल तर हे करत न्हाईत. हाड ठिसूळ असंल तरी न्हाई. पयले काही महिने गोळ्याखालची मान मोडू शकते, म्हणून सहा महिने उकिडवं बसायचं न्हाई, एक दिवस कमी न्हाई. ही तऱ्हाच नवी, वीस वर्सांनी काय व्हईल ते अजून कुणालाच पक्कं ठाऊक न्हाई, असंबी म्हणले.

मी विचारलं, सहा महिन्यांनी बसता येईल का?

"माझे बरेच पेशंट बसतात. हमी कुणीच देणार नाही, मीही नाही."

तारीख भेटली आठ मे. बोटावर मोजलं, सहा महिने म्हंजे आठ नोव्हेंबर. पाडवा दहाला. दोन दिवस शिल्लक. वीरण्णा पंचाला जाऊन सांगितलं, पाडव्याला भंडारा तयार ठेवा, माझ्या नावाचा.

पैशाचं हितं लिहीत न्हाई. ते पद्माच्या डोक्यात हाय, तितंच राहू दे.

५ मे, शनिवार

परवा निघायचं. आज मायनं एक गोष्ट केली, म्हंजे मीच करून घेतली.

मेंढरू लंगडलं की आमी विळा तापवून सांध्यावर डाग देताव. शंभर मेंढरांना मी सोता दिलाय, नव्वद तरी चालायलीत. माय म्हणली, बाळा, ते लोक कापणार ते कापू दे, पर घरचा इलाज कामून सोडायचा? मला इच्यार पटला. दोन बैलांनी गाडी जड व्हत न्हाई. पद्मा पाण्याला गेलेली. परसात पालथा झोपलो, मायनं चुलीतला विळा आणला. डाग बरोबर खुब्यावर बसला, तीन रेघा. मी दोन्ही मुठीत माती धरली. माय रडत व्हती, मी तिलाच गप कर म्हणलं.

आता हळद लावलीय. पद्माला सांगितलं न्हाई. डॉक्टरला तर सांगायचं कामच न्हाई.

७ मे, सोमवार. हैदराबाद, दवाखान्यातल्या पायऱ्यावर

नर्सनं धोतर सरकवलं आन् बाहेर पळाली. श्रीहर्ष डॉक्टर आले. बघतच राहिले. आवाज चढवला न्हाई, चढवला असता तर बरं झालं असतं.

"अंबाजी, मी जिथून चिरणार, बरोबर तिथंच तुम्ही भाजून घेतलंय. ह्या जखमेतून जंतू आत गेला तर धातूवर बसेल. मग टोपी काढावी लागेल, गोळाही जाईल. कातडी पूर्ण भरल्याशिवाय मी सुरी लावणार नाही."

मी लई बोललो. म्हणलं, आमच्या सात पिढ्या डाग घेत आल्यात, कुणी मेलं न्हाई. कापा, मी सही करतो. तारीख चुकली तर पाडवा चुकतोय. डॉक्टर म्हणले, पाडवा पुढच्या वर्षी येईल, हाड येणार नाही.

पुढची तारीख पाच जुलै. मी पायरीवर बसून परत मोजलं. पाच जानेवारी. कसंबी मोजलं तरी पाच जानेवारीच. पद्मा शेजारी बसलीय. डाग तिनं आत्ताच बघितला.

डॉक्टरवर राग धरायला लई झटलो. घडीभर आला, आता टिकंना झालाय. चूक माझी हाय. हितं लिहितो, तोंडानं कुणाला सांगणार न्हाई.

२२ मे

माय जेवंना. तुझा दोष न्हाई म्हणून दहादा सांगितलं. ती म्हणती, मेंढराला चालतंय ते लेकराला कामून चाललं न्हाई?

श्रीमंत रोज सकाळी कोरफडीचं पान घेऊन दारात हाजीर. पद्माच्या हातात देतो, आन् जखम भरली का विचारून जातो. भरू नये म्हणून बघत असंल. पान चांगलं हाय, जखम सुकायलीय, ती गोष्ट निराळी.

८ जुलै. दवाखान्यात

झालं. तीन दिवसांमागं झालं. टोपी बसली. फोटूत पांढरीफेक दिसायलीय, अगदी नव्या धावेसारखी. माझं हाड तिच्याखाली तसंच हाय. ते बघून मला रडू आलं, आन् शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तेलुगूत काहीतरी बोलला. समजूत घालत असंल.

दुसऱ्याच दिवशी वाकर धरून उभं केलं. नर्सनं विचारलं, दहापैकी कितना? मी म्हणलं, अम्मा, गिनती मत पूछो. चिरलेल्या जागंचं दुखणं लई हाय. पर ते आतलं जुनं, हाडावर हाड घासल्याचं दुखणं गेलंय. दोन्हीतला फरक मला कळतोय.

१६ सप्टेंबर

आता एकच काठी. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. पाय सरळ पडतोय. रेणू म्हणती, अप्पा, तुमचा पाय आता आवाज करंना. मला तर तेचा आवाज व्हतो हेच ठाऊक नव्हतं.

माझी सत्तर मेंढरं जुलैपासून श्रीमंतच्या कळपात चरायलीत. पद्मानंच दिली, मला इचारलं न्हाई. कुणाला म्हाईत, तेच्यातली किती त्याची व्हतील. आज सांजच्याला मोजून घेतली. एकाहत्तर भरली. एक मेंढी व्याली म्हणं.

१० नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

सकाळी श्रीमंत आला. कातर दे अण्णा, म्हणला. डॉक्टरनं सांगितलंय, सहा महिने व्हायला पावणेदोन महिने बाकी. तरी बसून दाखवावं असं मनात आलं. परसात जाऊन भिंत धरली, अर्धा वाकलोबी. मग हाडाची मान आठवली, आन् वर झालो. भ्यालो असं नव्हं. एकदा घाई करून डाग घेतला, दुसऱ्यांदा घाई करणार न्हाई.

कातर उंबऱ्यावर ठेवली. हातात दिली न्हाई. तेनं उचलून कपाळाला लावली आन् गेला.

माळावर मी गेलो न्हाई. ढोल घरात बसून ऐकला. एकोणीस वर्सांत पयल्यांदा. मग ढोल मध्येच थांबला. भंडाऱ्याच्या टायमाला जो गजर व्हतो तो झालाच न्हाई. रेणू पळत आली, म्हणली, अप्पा, श्रीमंतकाकानं एकच बाजू कातरली आन् उठला. दुसरी बाजू तशीच. पंच चिडले, वीरण्णा वरडला. भंडारा उधळलाच न्हाई.

कातरता येत न्हाई तर मान घ्यायचा कशाला? चांगलं झालं. देवाचा मेंढा म्हंजे काय खेळ हाय?

१३ नोव्हेंबर

आज श्रीमंतनं तो मेंढा माझ्या दारावरून नेला. डावी बाजू गुळगुळीत, उजवीकडं वीतभर लोकर. सगळी गल्ली हसायली. पोरं म्हणायलीत, अर्धी दाढी, अर्धी दाढी. रोज तेच्या रानाला जायची वाट वरून हाय, पर मुद्दाम माझ्या दारावरून नेतोय.

उजवा खुबा माझा, लोकर ठेवली ती उजवी बाजू. मी काय येडा हाय व्हय, मला कळत न्हाई? माझं सोंग करून गावात फिरवायलाय. डाव्या अंगानं धडधाकट, उजव्या अंगानं अर्धवट. रगात तापलं. काठी घेऊन दारात उभा राहिलो. श्रीमंतनं मान वर करून माझ्या पायाकडं बघितलं, काठीकडं बघितलं, आन् गेला. तेची नजर मला अजून दिसायलीय.

२ डिसेंबर

थंडी लई पडलीय. मेंढ्याच्या कातरलेल्या अंगाला श्रीमंतनं घोंगड्याचा तुकडा शिवून बांधलाय. तुकडा माझ्या वळखीचा. तेच्या बापाचं घोंगडं, आमी दोघं लहानपणी तेच्यातच झोपायचो. असलं घोंगडं कुणी मेंढ्याला फाडतं का?

मी हे पद्माला बोललो तर ती भाकरी थापायची थांबली. म्हणली, तुमचा खुबा दुरुस्त झाला, डोळे कवा व्हायचे? मी इचारलं, म्हंजे काय? तर म्हणली, काय न्हाई, जेवा.

बायका कोड्यात बोलत्यात. मी आज काठी न घेता रानापर्यंत जाऊन आलो, तेचं मात्र कुणाला कवतिक न्हाई.

५ जानेवारी २००८, शनिवार. हैदराबादहून येताना

जुन्याच वहीची मागची पानं वापरायलोय.

फोटू काढला. मान भक्कम, टोपी घट्ट. रक्त तपासायला घेतलं. मग डॉक्टर म्हणले, बसा बघू. मी खुर्चीकडं बघितलं. म्हणले, खुर्चीत नाही हो, तुमच्या पद्धतीनं.

बसलो. टाइलच्या फरशीवर, उकिडवा, दोन्ही टाचा टेकवून. पयल्यांदा जांघंत ताण आला, मग सुटला. डॉक्टरनं मिनिटभर घड्याळ बघितलं. मी म्हणलं, दोन मिनिटं बघा. उठलो सोताहून. पद्मानं पदर तोंडाला लावला.

निघताना डॉक्टर म्हणले, तुमच्या भावाला आजच फोन करतो, त्यांना फार घाई झाली आहे. मी म्हणलं, कोणता भाऊ?

"श्रीमंत. मागच्या फेब्रुवारीत आमच्या वडिलांच्या दारात दोन तास बसून होते, माझ्या अण्णाला खुर्चीत बसवू नका म्हणून. आणि पाडव्यापासून दर आठवड्याला वडिलांकडे विचारायला येतात, सहा महिने कधी भरतात. मेंढा फार दिवस तसा ठेवता येत नाही म्हणाले. मला काही कळलं नाही, तुम्हाला कळेल."

भालकीच्या गाडीत बसल्यावर डोक्यात उजेड पडला. शेवटचं पुंजकं काढल्याबिगर मान लागत न्हाई. हे मीच लिहिलंय, ह्याच वहीत, पयल्या पानांत. परत काढून वाचलं. पंचाच्या शिव्या खाल्ल्या, गावाचं हसू घेतलं, आन् मेंढ्याला रोज माझ्या दारावरून नेलं. बघ म्हणून नेलं. आन् मी काठी घेऊन उभा राहिलो.

गाढव. गुरुजीनं बरोबर लिहिलं व्हतं.

८ जानेवारी, मंगळवार. येळवस

आज येळवस, रानात पिकाची पूजा करायची अवस. सगळं गाव रानात. कडब्याची खोप घातली, पांडव पुजले, आंबील भज्जीची गाडगी आली. मी सकाळी वीरण्णा पंचाच्या रानात जाऊन सांगितलं, देवाचा मेंढा अर्धा हाय, तो आज पुरा व्हईल. तो म्हणला, पाडवा झाला की रं. मी म्हणलं, भंडारा झाला का? न्हाई ना? मग पाडवा माझ्यापुरता अजून उघडा हाय.

दुपारी आमच्या बांधावर श्रीमंत मेंढा घेऊन आला. मागं निम्मं गाव, ढोल एकच. तेनं घोंगड्याचा तुकडा सोडला, घडी करून खांद्यावर टाकला. कातर माझ्यापुढं धरली. मी अनवाणी झालो आन् काळ्या मातीत उकिडवा बसलो. मेंढा गुडघ्याखाली आला. ते वजन मला वळखीचं. खुब्यात लोखंड हाय ते मेंढ्याला काय कळलं न्हाई.

मला लई काही बोलायचं व्हतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "अर्धा कामून सोडलास रं?"

"कातर बोथट झाली व्हती, अण्णा."

मी कातर चालवली. लोण्यात चालावी तशी चालली. तिला कालच धार लावलेली, पात्यावर दगडाची वल अजून सुकली नव्हती. मी वर बघितलं न्हाई. डोळे भरले व्हते आन् मेंढ्याचं कातडं पातळ असतंय.

शेवटचं पुंजकं काढलं. मायनं पयली मूठ उधळली, मग पंचानं, मग सगळ्यांनी. माझ्या डोक्यात, कानात, वहीच्या ह्या पानावरबी पिवळं हाय. आज दहापैकी किती दुखलं ते बघायचंच राहिलं.

मग उठायचं. टाचा टेकलेल्या, कंबर सरळ, मला कुणाची गरज नव्हती. श्रीमंतनं हात पुढं केला, गेल्या खेपंसारखाच, खाली बघत. मी तो धरला आन् धरूनच उठलो.